गेटवूडांचा बिडाचा तवा

ॲटलांटाच्या माणसाला तुम्ही नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारलंत तरी तो विमानतळाचं कौतुक सांगायला लागतो. ह्यूस्टनवाल्याला विचाराल तर तो म्हणणार, आमचं गाव एवढं मोठं की एका टोकाला पाऊस पडतो तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक अंगणात कपडे वाळत घालतात. आणि आम्ही मेम्फिसवाले? आम्ही काही म्हणजे काही बोलत नाही. आम्ही फक्त गाणं लावतो आणि गप्प बसतो.

माझा मुलगा लव्हेल म्हणतो, "आई, तू गप्प बसलेली मी आजवर पाहिली नाही." त्याचं काय ऐकता! तीस वर्षं मी शाळेची बस चालवली. साठ पोरं मागे धिंगाणा घालत असताना ज्या बाईला पुढून ओरडावं लागतं, तिचा आवाज तसा राहणारच.

तर मी सांगते आमच्या मेळाव्याचं. माझी आई ओझेल आणि तिचे दोन धाकटे भाऊ मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांतून बाहेर पडले. आई वर मेम्फिसला आली, एक मामा ॲटलांटाला गेला आणि दुसरा ह्यूस्टनला. मामा दोघंही आता देवाघरी गेले, पण जाताना पिलावळ भरपूर ठेवून गेले. दर दोन वर्षांनी आम्ही सगळे गेटवूड एका गावात जमतो. शुक्रवारी तळलेली मासळी, शनिवारी मैदानात जेवण आणि गाणं, रविवारी चर्च. गावागावाचे टी-शर्ट वेगळे. आमचे निळे, ॲटलांटाचे लाल, ह्यूस्टनचे जांभळे. वरून पाहिलं तर कुणी रंगाचे डबे सांडलेत असं वाटावं.

आणि सगळ्याच्या मधोमध, टेबलावर स्वच्छ फडक्यावर ठेवलेला, आजीचा बिडाचा तवा. याच तव्यात तिनं मक्याचा पाव भाजून तीन पोरं मोठी केली. तो कुणाकडे राहावा यावरून मामा लोकांचं एकदा इतकं वाजलं की शेवटी आईनंच नियम काढला. प्रत्येक गावाला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात आपल्या गावचं गाणं लावायचं. ज्याच्या गाण्यावर दुसऱ्या गावांच्या जास्त खुर्च्या रिकाम्या होतील, तवा त्याचा. आणि पुढचा मेळावाही त्याच्याच गावात.

नीट लक्षात घ्या, खुर्च्या दुसऱ्या गावांच्या. आपली माणसं उठली तर ती धरायची नाहीत. आपली माणसं काय, आगीच्या बंबाचा भोंगा वाजला तरी नाचतील.

त्यामुळे होतं काय, की ज्या माणसाला गाणं ऐकून राहवत नाही, तोच खुर्चीला घोरपडीसारखा चिकटून बसतो. माझा मामेभाऊ क्लिओफस, ॲटलांटाचा, दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक खालून पकडतो आणि डोळे मिटून स्तोत्रं म्हणतो. एका वर्षी ह्यूस्टनच्या एका जावयानं, ऑर्लँडस त्याचं नाव, बुटाच्या नाड्याच खुर्चीच्या पायाला बांधून घेतल्या. नेमकी तेव्हाच त्याच्या मानेवर गांधीलमाशी बसली. बिचारा खुर्चीसकट पळाला. ती खुर्ची धरायची की नाही यावर अजून एकमत नाही.

मोजणी आई करते. ती सगळ्यांत वडील, म्हणून सगळ्यांची आत्या. हातात वालाच्या दाण्यांची पिशवी आणि समोर तीन काचेचे पेले. खुर्ची रिकामी झाली की ज्याचं गाणं चालू असेल त्या गावाच्या पेल्यात एक दाणा. तुम्ही म्हणाल, ती तर मेम्फिसची, मग ती लबाडी नाही का करणार? अहो, माझे वडील एकदा ॲटलांटाच्या गाण्यावर उठले, तर तिनं त्यांचा दाणा ॲटलांटाच्या पेल्यात टाकला आणि वर त्या दिवशी त्यांना जेवणावरचं गोड, पीच कॉबलरही वाढलं नाही. तिच्या मोजणीवर कुणी शंका घेत नाही.

यंदाचा मेळावा मेम्फिसला होता, आणि पुढचाही इथंच राहायला हवा होता. कारण सांगते, पण तेव्हा ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वसंतात डॉक्टरांनी आईला तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता हिला लांबचा प्रवास नको. गाव सोडायचं नाही. कंबर आणि हृदय दोन्ही थकलीत." म्हणजे पुढचा मेळावा ॲटलांटा नाहीतर ह्यूस्टनला गेला, की आई इथं एकटी खिडकीत बसणार आणि तिकडे तिचा अख्खा गोतावळा तिच्याविना जेवणार. एक्क्याण्णव वर्षांची आहे ती. असे किती मेळावे उरलेत हे कुणी मोजायला नको.

मी म्हटलं, "आई, सांगून टाकू सगळ्यांना. ते आपण होऊन इथं येतील."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सहा वर्षांची झाले. "वर्लीन, खबरदार तोंड उघडलंस तर! म्हातारीची कीव करून तवा सोडला, असं नको मला. मेम्फिसनं उठवलं तर येतील. नाही उठवलं तर नाही."

मी ठरवलं, जिंकायचंच. आणि सरळ जिंकायचं.

शनिवारी सकाळपासून आमच्या वस्तीतल्या, ऑरेंज माउंडच्या मैदानात धूर झाला. आमच्या लव्हेलनं डुकराच्या फासळ्या सुका मसाला चोळून रात्रीच मुरवल्या होत्या. तेवढ्यात ह्यूस्टनची माझी मामेबहीण डेल्फीन आली. साठीची बाई, नखं जांभळी, पुढचा एक दात सोन्याचा. मागून तिचा मुलगा भलीमोठी पेटी ओढत आणत होता.

"काय आणलंस गं?" मी विचारलं.

"ब्रिस्केट." म्हणजे धुरावर भाजलेलं गाईच्या छातीचं मांस, ह्यूस्टनवाल्यांचा जीव की प्राण.

"फासळ्या असताना?"

"ताई, तुमच्या फासळ्या चघळायला दात लागतात. आमचं ब्रिस्केट जिभेवर आपोआप विरघळतं."

"विरघळतं म्हणजे जास्त शिजलंय. इकडे आण, कुत्र्याला घालू."

"कुत्र्यालाही विचार, तो ह्यूस्टनला येतो का राहायला!"

लाल टी-शर्ट घातलेला क्लिओफस मध्ये घुसला. "भांडा, भांडा. दोघी म्हाताऱ्या खेड्यांतल्या! साऊथची राजधानी कुठली, ते जगाला माहीत आहे."

"क्लिओ," मी म्हटलं, "तुझ्या नव्या सुनेनं बटाट्याच्या सॅलडमध्ये मनुका घातल्यात. आधी तो प्रश्न सोडव, मग राजधानीचं बघ."

तो सॅलडच्या पातेल्याकडे निघाला. मनुकांपुढे कुणाचं काही चालत नाही.

जेवणं झाल्यावर चिठ्ठ्या टाकल्या. आधी ॲटलांटा, मग आम्ही, शेवटी ह्यूस्टन. आईनं चष्मा पुसला, चालताना धरायची चौकट बाजूला लावली आणि पिशवीचं तोंड सोडलं.

क्लिओफसनं माईक हातात घेतला. तो चर्चमध्ये डीकन आहे, पाद्र्यांचा मदतनीस, त्यामुळे माईक मिळाला की सोडत नाही. "बंधूंनो, भगिनींनो, आज सगळं जग ज्या ठेक्यावर नाचतंय, तो ठेका ॲटलांटाचा!"

मी बसल्या जागेवरून ओरडले, "चोरलेला! आमच्या पोरांनी गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकून जो ठेका काढला, तो तुम्ही उचललात, त्याला इस्त्री केलीत आणि दुप्पट भावानं विकलात!"

"विकता आला ना आम्हाला? तुम्हाला नाही आला!"

हे मात्र जिव्हारी लागलं. कारण खरं होतं.

पहिली दोन गाणी वाजली आणि आमच्यातलं कुणी हललं नाही. निळे आणि जांभळे, दगडासारखे बसून. मी मनात म्हटलं, वा रे माझी माणसं! पण क्लिओफस पक्का बेरकी. तिसरं त्यानं रांगेच्या नाचाचं गाणं लावलं. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, ते गाणं लागलं की आमच्यातला माणूस विचार करत नाही. लग्न असो, वाढदिवस असो, रांगा लागतात आणि सगळे एकसारखी पावलं टाकत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे वळतात. डोक्याला कळायच्या आत पाय उठतात. माझी सून उठली. माझ्या चुलत सासूबाई उठल्या. ह्यूस्टनची अर्धी रांग उठली. मी ओरडत राहिले, "बसा मेल्यांनो! गाणं कुणाचं आहे ते बघा!" कोण ऐकतंय!

आणि मग वळायची वेळ आली. मेम्फिसला आम्ही डावीकडे वळतो. आईच्या पोटातून शिकून आल्यासारखे डावीकडे. ॲटलांटाचे लोक, देव त्यांना क्षमा करो, उजवीकडे वळतात. निळी रांग इकडे, लाल रांग तिकडे, आणि मध्ये माझी सून आणि क्लिओफसचे व्याही, दोन ट्रक समोरासमोर यावेत तसे. गोड चहाचा अख्खा जार व्याह्यांच्या डोक्यावर. त्यांच्या मागचे सहा जण त्यांच्यावर.

"डावीकडे वळायचं असतं, आंधळ्या!"

"कुठल्या पुस्तकात लिहिलंय डावीकडे?"

"आमच्याकडे पाळण्यातली पोरंही डावीकडे वळतात!"

"म्हणूनच मागे राहिलात!"

ह्यूस्टनचे लोक मधे उभे राहून पोट धरून हसत होते, कारण ते आधी मागे जातात आणि मग वळतात, म्हणून त्यांचं कुणाला काही लागलंच नाही. आईनं शांतपणे ॲटलांटाच्या पेल्यात दाणे टाकले. "आजी, आम्ही पडलो होतो," माझी सून कळवळून म्हणाली. "पडायला आधी उठावं लागतं, बाळ," आई म्हणाली.

ॲटलांटाचा पेला बराच वर आला. लव्हेलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "आई, आपली पाळी. बघत राहा."

आम्ही कित्येक महिने तयारी केली होती. आधी लव्हेलनं आमचं जुनं मेम्फिसचं सोल संगीत लावलं. तो ऑर्गन मागे रेंगाळत येतो ना, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, आणि मग पितळी वाद्यं एकदम दार उघडतात! ह्यूस्टनच्या तीन बाया लगेच उठल्या. मग ठेका जड झाला, आणि माझी नात झेनोबिया मधे आली. पांढरे बूट, पंजाच्या टोकावर उभी. आमच्याकडची पोरं नाचत नाहीत, तरंगतात. गुडघा इकडे, घोटा तिकडे, आणि बाई आपली तेल सांडलेल्या फरशीवरून जावं तशी घसरत निघाली. ॲटलांटाची तरुण पोरं फोन घेऊन ताडकन उभी राहिली.

"आम्ही फक्त बघायला उठलो!" एक जण म्हणाला.

"उठलात ना?" आई म्हणाली आणि दाणा टाकला.

मी थेट क्लिओफसच्या कानाशी गेले. खुर्ची पकडून, डोळे मिटून, तेविसावं स्तोत्र म्हणत बसलेला. त्याचा उजवा पाय मात्र ठेका धरत होता.

"क्लिओ, पाय बघ तुझा."

"तो माझा नाही," तो डोळे न उघडता म्हणाला.

"उठ रे. तुझ्या बापाला हे गाणं जीव की प्राण होतं."

"परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, वर्ली, दूर हो."

नाही उठला तो हट्टी. पण त्याची बायको उठली, त्याच्या दोन मुली उठल्या, आणि अर्धा तास संपला तेव्हा आमचा पेला ॲटलांटाच्या वर गेला होता. मी नुसत्या नजरेनं पाहिलं आणि मला हायसं वाटलं. आता राहिलं ह्यूस्टन. आणि ह्यूस्टनच्या गाण्यावर कोण उठतो? ते लोक चांगलंभलं गाणं घेतात आणि इतकं हळू करून टाकतात की गाणाऱ्याला झोप लागली असं वाटतं. त्यांच्या गाड्याही तशाच. रंगीत, चकचकीत, चाकांचे आरे हातभर बाहेर आलेले, आणि वेग गोगलगाईचा. एवढी सजवलेली गाडी आणि जायचं कुठंच नाही.

डेल्फीन स्वतः गाण्याच्या यंत्रापाशी उभी राहिली. पहिलं गाणं सुरू झालं. जाड, खोल, ओढलेला आवाज.

"डेल्फीन, बॅटरी संपली का गं?" मी विचारलं. सगळं मैदान हसलं.

"नाही ताई. आमच्याकडे घाई नसते," ती म्हणाली. चिडली नाही, हे मला खटकलं.

दोन गाणी झाली. चार-दोन पोरं उठली, बाकी शुकशुकाट. क्लिओफस तर इतका निर्धास्त की त्यानं खुर्ची सोडून हातात कॉबलरची बशी घेतली. मी मनातल्या मनात पुढच्या मेळाव्याच्या फासळ्या मोजायला लागले.

मग तिनं तिसरं गाणं लावलं. पहिले काही सूर मला कळलेच नाहीत. आणि मग ओळख पटली. गाणं आमचं होतं! मेम्फिसचं, आईच्या तरुणपणातलं, जे दर रविवारी दुपारी आमच्या घरात वाजायचं आणि आई-बाबा टेबल सरकवून स्वयंपाकघरात नाचायचे. या बाईनं ते उचललं होतं आणि मधासारखं संथ करून ठेवलं होतं.

"चोर!" मी उभी राहून ओरडणार होते. पण उभी राहिले तर माझीच खुर्ची रिकामी होईल, म्हणून बसूनच ओरडले. "चोरटे! आमचं गाणं!"

कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. कारण म्हातारी माणसं उठायला लागली होती. गुडघे दुखणारे, पाठ धरणारे, जे इतका वेळ नुसते टाळ्या वाजवत होते ते सगळे एकेक करून उठत होते. त्या वेगावर नाचायला गुडघा लागत नव्हता. माझ्या सासूबाई उठल्या. क्लिओफसनं बशी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "माफ कर, वर्ली," आणि उठला. ज्या माणसानं मेम्फिसच्या गाण्यावर खुर्ची सोडली नाही, तो बायकोच्या खांद्यावर हनुवटी टेकवून डुलायला लागला. ह्यूस्टनचा पेला भरत चालला. मी आईकडे पाहिलं.

आई दाणे टाकत होती. एक. आणखी एक. मग तिचा हात थांबला. तिनं पिशवी मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि चौकटीला हात घातला.

"आई, पाणी हवंय का?" मी म्हटलं. ती ऐकतच नव्हती. ती उभी राहिली. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती नाचली नव्हती. चर्चमध्ये सगळे डुलतात तेव्हा ती नुसता एक हात वर करते, तेवढंच. आता तिनं दोन पावलं चौकटीसकट टाकली, मग चौकट सोडली आणि डेल्फीनच्या खांद्यावर हात ठेवला. डेल्फीननं तिला कमरेशी धरलं. आणि माझी आई नाचली. थोडी इकडे, थोडी तिकडे, मान खाली, ओठांवर गाण्याचे शब्द. सगळं मैदान जागच्या जागी थांबलं. मला रडू आलं. त्यात लपवायचं काय!

गाणं संपलं. आई सावकाश परत येऊन बसली, चष्मा लावला. ॲटलांटाचा पेला मागे पडला होता, तो तिनं बाजूला सरकवला. मेम्फिसचे आणि ह्यूस्टनचे दाणे तिनं टेबलावर ओतले आणि जोड्या लावायला सुरुवात केली, एक निळ्यांचा, एक जांभळ्यांचा. दोनशे माणसं टेबलाभोवती जमली. शेवटची जोडी लागली. एकही दाणा उरला नाही.

"बरोबरी!" क्लिओफस ओरडला.

"थांब," आई म्हणाली. तिनं पिशवीतून आणखी एक दाणा काढला आणि जांभळ्यांच्या बाजूला ठेवला. "ही माझी खुर्ची."

"आई! हे काय केलंस तू?"

"मोजलं."

"अगं, तू मोजतेस! तुझी खुर्ची कोण धरतं?"

"मी धरते. मेम्फिसची आहे मी. ह्यूस्टनच्या गाण्यावर उठले."

आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. एवढे दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. "तुला ह्यूस्टनला जाता येणार नाही, आई! डॉक्टरांनी गाव सोडायचं नाही म्हणून सांगितलंय! मी कुणासाठी ओरडत होते इतका वेळ? तू इथं एकटी बसणार आणि हे सगळे तिकडे! तुझ्यासाठी जिंकायचं होतं मला, आणि तूच हरवलंस!"

आई रागावली नाही.

"गाणं आपलंच होतं गं, वर्लीन," ती म्हणाली. "पण आपण वाजवतो तेव्हा माझे पाय पोचायच्या आत ते संपून जातं. आज पहिल्यांदा थांबलं माझ्यासाठी. मी कशी बसून राहणार?"

मी टी-शर्टच्या बाहीनं डोळे पुसले.

मग क्लिओफस पुढे आला. घसा खाकरून, डीकनच्या आवाजात म्हणाला, "आत्या, एक चूक झालीय. मेम्फिसच्या गाण्यावर मी उठलो होतो."

आईनं चष्म्यावरून पाहिलं. "तू? तू खुर्ची पकडून बसला होतास. अख्ख्या मैदानानं पाहिलं."

"मधेच उठलो होतो. त्या झाडामागे गेलो होतो. तिथं नाचलो."

"खुर्ची घेऊन?"

"माझाही एक दाणा धरा," ह्यूस्टनचा ऑर्लँडस म्हणाला. "मी मेम्फिसला दोनदा उठलो. मोजताना राहून गेला असेल."

"माझा पण!" ॲटलांटाचे व्याही म्हणाले. त्यांच्या टकलावर अजून लिंबाची चकती चिकटलेली होती. "मी तर पहिल्या सुरालाच!"

लाल आणि जांभळे, दोन्हीकडून हात वर व्हायला लागले. ज्या माणसांनी आयुष्यभर मेम्फिसच्या गाण्याला नावं ठेवली, ती आपण त्यावर नाचलो म्हणून शपथा घेत होती. क्लिओफसच्या तर दोन्ही मुली सांगत होत्या की बाबा डावीकडे वळले, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. ॲटलांटाचा माणूस डावीकडे वळला! मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. जन्मात मला इतकं प्रेम कुणी दिलं नव्हतं, आणि तेही इतकं धडधडीत खोटं बोलून.

आईनं टेबलावर थाप मारली. "बसा खाली! उद्या चर्चला जायचंय आणि आज शपथेवर खोटं बोलताय! ह्यूस्टन जिंकलं. क्लिओफस, तू डीकन आहेस ना रे? लाज वाटू दे."

"वाटते, आत्या," तो म्हणाला, पण हात काही खाली घेतला नाही.

डेल्फीन टेबलापाशी आली आणि तिनं दोन्ही हातांनी तवा उचलला. जड असतो तो. तिनं तो पोटाशी धरला.

"आत्या, तवा आमचा?"

"तुमचा."

"म्हणजे पुढचा मेळावाही आमचा."

"तुमचाच. मी येणार नाही, पण फोन करा."

"आमचा मेळावा कुठं भरवायचा, ते आम्ही ठरवणार ना?"

"तुमच्या गावात," आई म्हणाली. "नियम आहे."

"नियम तुम्हीच काढलात, आत्या. त्याचा अर्थ एवढाच की जिंकेल तो पाहुणचार करेल. आम्ही करणार. जेवण आमचं, गाणी आमची, टी-शर्ट आमचे, सगळे नखरे आमचे. जागा मला ही आवडली. इथंच या झाडांखाली."

आईचा चेहरा कठोर झाला. "डेल्फीन, कीव नकोय मला."

"कीव?" डेल्फीननं तवा खाणकन टेबलावर ठेवला. तिचा सोन्याचा दात चमकला. "मेम्फिसच्या छाताडावर बसून आम्ही तीन दिवस ब्रिस्केट भाजणार! वर्लीनताईच्या गल्लीतून आमच्या गाड्या पायी चालणाऱ्या माणसापेक्षा हळू फिरवणार, तिच्या खिडकीखालून, एकामागून एक! फासळीचा एक तुकडा या मैदानात येऊ देणार नाही! ही कीव आहे? कुणाची? ताईची येत असेल तर सांगा!"

"माझ्या गावात? फासळ्या नाहीत?"

"एकही नाही, ताई."

"मी मरेन त्यापेक्षा!"

"मरा, पण आधी ब्रिस्केट खा."

आई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग चष्मा नाकावरून घसरला. ती हसली की कुणाचंच काही चालत नाही, सगळं मैदान हसायला लागलं. "याला कीव म्हणता येणार नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "हा सरळसरळ हल्ला आहे. मान्य."

क्लिओफस लगेच माईककडे धावला की ॲटलांटालाही एक सूचना मांडायची आहे. लव्हेलनं माईकची वायरच काढून टाकली.

मी खुर्चीत बसूनच होते. हरले होते, जिंकले होते, काय झालं होतं ते मलाच कळत नव्हतं. आईनं डेल्फीनला सांगितलं, "लाव गं ते परत." ते संथ, खोल सूर पुन्हा सुरू झाले, आमच्या स्वयंपाकघरातले. आई चौकट धरून उभी राहिली आणि तिनं माझ्यापुढे हात केला.

"मोजणी संपली ना?" मी विचारलं.

"संपली."

"नक्की? दाणे पिशवीत टाकलेस?"

"उठ गं बाई आता!"

मी उठले. तिचा हात हातात घेतला, केवढासा झाला होता तो. मागून क्लिओफस बोंबलला, "उठली! वर्ली उठली! ह्यूस्टनच्या गाण्यावर! सगळ्यांनी पाहिलं!" मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "गप बस, मेल्या," आणि आईला आणखी जवळ घेऊन पाऊल आणखी हळू टाकलं.